कोपीवरचा तारा : आपल्या मातीतलं ख्रिस्ती वर्ष

डिसेंबरातली गोष्ट. उसाला तोड आली होती म्हणून संध्याकाळी मळ्यात गेलो होतो. कॅनॉलच्या कडेला टोळीच्या पंधरा-वीस कोप्या पडलेल्या. चुली पेटलेल्या, बैलांपुढं वाढं टाकलेलं, दरवर्षीचंच चित्र. फक्त एका कोपीच्या शेंड्याला कामट्यांचा आणि लाल पतंगी कागदाचा तारा टांगला होता. आत कसलीशी बॅटरी लावून ठेवलेली. मी विचारलं, "हे काय रं?" तर सात-आठ वर्षांचं पोरगं म्हणालं, "नाताळ हाय ना आमचा."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हे सांगितलं. एक जण लगेच म्हणाला, "ते इंग्रजांचं खूळ. आपल्यात कुठलं आलंय ते?" बाकीच्यांनी मान डोलावली. मीही गप्प बसलो, कारण मला तरी कुठं काय माहीत होतं! पण ते डोक्यातून जाईना. तेव्हापासून जे वाचलं, ज्यांना ठाऊक आहे त्यांना जे विचारलं, ते इथं मांडतोय. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करू. यंदा, म्हणजे २०२६ ला, हनुमान जयंती २ एप्रिलला आहे. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, ३ एप्रिलला. आणि ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात मोठा सण, पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे ईस्टर, ५ एप्रिलला. हा योगायोग वाटेल. मग मागं जाऊन बघा. २०२५ ला हनुमान जयंती १२ एप्रिलला, ईस्टर २० ला. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ ला. २०२२ ला १६ आणि १७ एप्रिल. लॉकडाऊनच्या वर्षी, २०२० ला, ८ आणि १२ एप्रिल.

यात चमत्कार काही नाही. नाताळाची तारीख ठरलेली, २५ डिसेंबर. पण ईस्टरला तारीखच नाही, त्याला आपल्यासारखी तिथी आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. बहुतेक वेळा ही पौर्णिमा चैत्राची निघते, म्हणजे आपल्या मारुतीची. काही वर्षी ती फाल्गुनाची असते, म्हणजे होळीची. २०२४ ला तसं झालं होतं, धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ ला. आपल्याकडे अधिक महिना धरून पंचांग जुळवतात, त्यांच्याकडे पौर्णिमा पुढं-मागं सरकते. चंद्र मात्र एकच.

अजून एक बघा. ईस्टरच्या आधी त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मधले रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून एकूण शेहेचाळीस दिवस होतात. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळाला लावतात, आणि तू माती आहेस, मातीलाच मिळशील, याची आठवण करून देतात. आता चैत्र पौर्णिमेपासून दीड महिना मागं मोजा. कुठं येतो आपण? महाशिवरात्रीपाशी. यंदा शिवरात्र १५ फेब्रुवारीला होती, राखेचा बुधवार १८ ला. २०२२ ला तर १ मार्च आणि २ मार्च, एका दिवसाचं अंतर. करंज्याच्या सोमेश्वराला आपण बेल वाहून, भस्म लावून, उपवास सोडून घरी येतो, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी कपाळाला राख लावून उपवास धरतो. इतकी वर्षं हे शेजारी-शेजारी चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही.

आता प्रश्न असा, की हा धर्म आपल्या भागात रुजला कसा? कोकणपट्टीची गोष्ट वेगळी. वसईला पोर्तुगीज होते, तिथले धर्मग्राम चारशे वर्षांपेक्षा जुने. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला जाऊन बघा, देवळापुढं टांगलेल्या मोठ्या घंटेवर क्रूस कोरलेला आहे आणि १७२९ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीलाही नाना फडणविसांच्या घाटावर अशीच घंटा आहे. पावणेतीनशे-तीनशे वर्षं त्या घंटा आपल्या देवांना जागं करतात. त्यांना कुणी बाहेरच्या म्हणत नाही.

पण घाटावरची, नगर-पुण्याकडची गोष्ट पोर्तुगीजांची नाही. ती दुष्काळाची आहे. आणि तिथं आपला कोऱ्हाळ्याचा संबंध येतो.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खनेत माणसं आणि गुरं किड्या-मुंग्यांसारखी मेली. त्या दुष्काळाच्या धक्क्यातून सरकारनं नीरा डावा कालवा खणायला घेतला. हाताला काम आणि पुढं पाण्याची सोय, असा दुहेरी हिशोब. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आलं, वर भाटघरचं धरण झालं, आणि आपल्या माळाचं नशीब फिरलं. आज आपण ज्याला बागायत म्हणतो, कारखाना म्हणतो, बंगला म्हणतो, ते सगळं त्या दुष्काळात खणलेल्या चरातून आलंय.

त्याच दुष्काळातून नगर जिल्ह्यात वेगळी गोष्ट झाली. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. शाळा होत्या, 'ज्ञानोदय' नावाचं नियतकालिक १८४२ ला सुरू झालेलं. पण ख्रिस्ती झालेली माणसं मोजकी. १८७६ च्या आणि पुढं १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनंतर गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं बाप्तिस्मा घेऊ लागली. काही प्रोटेस्टंट झाली, काही जेझुइट फादरांच्या मागं कॅथलिक झाली.

"म्हणजे भाकरीसाठीच की!" असं कट्ट्यावर कुणी म्हणेल. म्हणायला सोपं आहे. त्या वेळी काही मिशनऱ्यांनाही हीच शंका होती. आंध्रात ओंगोलला क्लफ नावाचा मिशनरी होता. दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून त्यानं बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं काम घेतलं आणि ते चालू असेपर्यंत एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. धान्य वाटप थांबलं, पाऊस झाला, मग ३ जुलै १८७८ ला एका दिवसात २,२२२ माणसं पुढं आली. भाकरीचा मोह संपल्यावर आलेली माणसं ही. त्यांना काय हवं होतं? ज्याला गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्याला शाळेत नाव, देवासमोर बसायला जागा आणि नावापुढं एखादा मानाचा शब्द हवा असेल, तर त्याला आपण लालूच म्हणणार का? आणि सरळ सांगायचं तर हे सगळं त्याला गावानं दिलं असतं, तर तो गेला असता का? पुढं चर्चमध्येही जात शिरली, हेही खरं. पण आधी ती गावात होती.

आता केडगावला या. आपल्याकडून मोरगाव, सुपे, चौफुला करत गेलं तर दीड-एक तासाची वाट. दौंड तालुक्यातलं हे केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आपल्यातले किती जण आत जाऊन आलेत? रस्त्यावरून हजार वेळा गेलोय आपण.

रमाबाई डोंगरे. वडील अनंतशास्त्री, पुराण सांगत देशभर फिरणारे. संस्कृत बाईनं शिकू नये म्हणायच्या काळात त्यांनी आधी बायकोला शिकवलं आणि मग आईनं रमाबाईंना. पण १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं हे कुटुंब रस्त्यावर आणलं. आई, वडील, थोरली बहीण उपासमारीत गेली. पुढं कलकत्त्याला त्यांना पंडिता ही पदवी मिळाली, १८८३ ला इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला शारदा सदन काढलं. पण मला वाटतं, दुष्काळात रस्त्यावर बसलेली ती मुलगी त्यांच्यातून कधी गेलीच नाही. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या घालून त्यांना ठेवलं. मुक्ती मिशनची सुरुवात ही अशी, जवळजवळ कोप्यांतूनच. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांवर गेली. त्या मुलींनी शेती केली, विणकाम केलं, तेलाचा घाणा चालवला, छापखाना चालवला.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं एकाच कामाला दिली. अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणलं. आधीची भाषांतरं होती, पण ती संस्कृत शब्दांनी जड झालेली. अंगणात बसून भाकरी खाणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या त्याच केडगावच्या बायका. भाषांतर पुरं झालं आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. यंदाचा ईस्टर नेमका त्याच तारखेला येतोय.

नगरकडं दुसरं नाव घ्यावं लागेल ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. शाळेत त्यांची कविता आपण पाठ केलेली असते. कोकणातला हा ब्राह्मण माणूस १८९५ ला ख्रिस्ती झाला. बायको लक्ष्मीबाई आधी दुरावल्या, मग परत आल्या, पुढं त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' कुणी वाचलं नसेल तर आधी वाचा, मग या पोस्टवर कॉमेंट करा! टिळक म्हणायचे की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. मिशनऱ्यांनी आणलेली इंग्रजी चालींची गाणी बाजूला ठेवून त्यांनी अभंग लिहिले, ओवीत 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांच्या आधीपासून, १८६० च्या दशकापासून, नगरकडे कृष्णराव सांगळे टाळ-वीणा घेऊन ख्रिस्ती कीर्तन करत होते. आजही मराठी प्रोटेस्टंट मंडळीत गेलात तर 'उपासना संगीत' हातात घेऊन लोक टिळकांची पदं म्हणतात.

ही गंमत लक्षात घ्या. त्या वेळी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ ला झाली, त्यानंतर मिस्सा लोकभाषेत आली. म्हणजे तिकडं पूजेला मराठी मिळायला विसावं शतक उतरणीला लागलं, आणि इकडं नगरच्या पाळकानं पन्नास-साठ वर्षं आधीच टाळ हातात घेतला होता. आषाढात सोपानकाकांची पालखी आपल्या कोऱ्हाळ्यात येते तेव्हा जे टाळ वाजतात, तेच.

आता त्यांचं वर्ष कसं फिरतं ते सांगतो, म्हणजे तो तारा कुठं बसतो ते कळेल.

त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तिथं वर्ष उघडतं. आपल्याकडे तेव्हा ज्वारी पोटऱ्यात येत असते आणि गाळप जोरात असतं. मग नाताळ. घरात करंज्या, चकल्या, शेव, सगळा दिवाळीचाच फराळ. पेटी-ढोलकी घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात. मग शिवरात्रीच्या आगेमागे राख आणि उपवासकाळ. कॅथलिक लोक दर शुक्रवारी क्रुसाची वाट म्हणतात, चौदा ठिकाणी थांबत. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. उत्तम शुक्रवारी भर दुपारी, बारा ते तीन, चैत्राच्या उन्हात उपासना चालते. बऱ्याच मंडळ्यांत त्या दिवशी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. आणि रविवारी पहाटे, उजाडायच्या आत, पुनरुत्थान.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्म्याचा सण. तो येतो मे-जूनमध्ये, आपण आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो तेव्हा. त्यानंतर चर्चचा सगळ्यात लांब काळ सुरू होतो. त्याला सामान्य काळ म्हणतात. कॅथलिक आणि इतर काही चर्चमध्ये प्रत्येक काळाला रंग असतो. उपवासाला जांभळा, मोठ्या सणांना पांढरा. या सामान्य काळाचा रंग हिरवा. जून ते नोव्हेंबर धर्मगुरू हिरवा झगा घालून उभे असतात. हा नियम पुण्या-नगरचा पावसाळा बघून कुणी केला नव्हता, पण आपल्या रानाला तो जितका शोभतो तितका कुठं शोभत असेल, असं वाटत नाही. पेरणी, खुरपणी, काढणी, सगळं त्या हिरव्यात.

त्या हिरव्याच्या मधोमध ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. सुमारे पाऊणशे वर्षांची ही यात्रा. हरेगाव म्हणजे जुन्या बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, आपल्या वालचंदनगरसारखी खासगी कारखान्याभोवती उभी राहिलेली वस्ती. उसाच्या फडावर राबणाऱ्या माणसांनी जिला माउली म्हटलं, ती ही. आधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग राज्यभरातून लोक येतात. नवस बोलतात, फेडतात, पाळणे, खेळण्यांची दुकानं, भेळ, सगळं जत्रेसारखं. येणाऱ्यांत सगळे ख्रिस्ती नसतात. आणि तिथी बघाल तर भाद्रपद, आपल्या घरोघरी गौरी बसायचे दिवस.

सुगी झाली की प्रोटेस्टंट मंडळ्यांत कापणीचा सण. घरातलं पहिलं धान्य, भाज्या, अंडी, कोंबडी, जे असेल ते वेदीपुढं आणून ठेवायचं. उपासना झाली की बाहेर लिलाव. एखादा भोपळा बाजारभावाच्या दसपट जातो आणि बोली लावणारा खुशीत घरी नेतो. आपल्याकडे जत्रेत नारळाचा लिलाव होतो, अगदी तसंच. वसई-मुंबईकडे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. कबरी साफ करायच्या, फुलं, मेणबत्त्या. पितृपक्ष म्हणा हवं तर. मग परत आगमनकाळ. वर्ष फिरलं.

आता त्या कोपीकडं परत येऊ. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो. ख्रिस्ती वर्षाशी हे ताडून बघा. आगमनकाळ फडात. नाताळ फडात. राखेचा बुधवार फडात. उपवासकाळ सगळा फडात. मृतांच्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लावायला गावी कुणी म्हातारं राहिलं असेल तर लावणार. म्हणजे आपल्या उसासाठी तोडणारा माणूस त्याच्या वर्षातले सगळे मोठे दिवस आपल्या बांधावर काढतो. कारखान्याला तोडणी थांबवून चालत नाही, नाताळ असो नाहीतर दुसरं काही. दिवाळीही कित्येक टोळ्यांची वाटेतच जाते, हेही तितकंच खरं. पण दिवाळीला आपण निदान एखादा डबा कोपीवर पाठवतो. नाताळला पाठवायचा असतो, हेच आपल्याला माहीत नसतं.

आणि ते लोक स्वतःहून सांगतही नाहीत. का, ते समजून घ्या. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश निघाला तेव्हा त्यात फक्त हिंदू धरले. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाप्तिस्मा झाला की कागदावरची जात गेली, पण गावातली जात तर काही गेली नाही! म्हणून कित्येकांची दोन नावं, शाळेच्या दाखल्यावर एक, चर्चच्या वहीत दुसरं. २०२२ ला केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. सवलत द्यावी की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात, माझं मत आहे की द्यावी. पण ज्याला आपला देव लपवून दाखला काढावा लागतो, त्याला "तुम्ही बाहेरचे" म्हणणं हा दुहेरी अन्याय झाला.

बाहेरचं आणि आतलं हे ठरवायचं कसं? आपल्या ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांनी आणली. ती बाहेरची म्हणून कुणी ताटातून काढली नाही. कारण ती इथल्या मातीत उगवली, इथल्या पाट्यावर वाटली गेली. मग जो धर्म इथल्या दुष्काळात वाढला, ज्याचं पुस्तक केडगावच्या बायकांनी सोप्या मराठीत छापलं, ज्याची गाणी अभंगाच्या चालीवर आहेत, आणि ज्याचा मोठा सण मारुतीच्या पौर्णिमेला धरून येतो, तो आणखी कसा आतला व्हायचा?

टोळी आता परत गेली. कोप्यांच्या जागी पाचटाचे काळे डाग आणि तीन-तीन दगडांच्या चुली उरल्यात. यंदा पट्टा वेळेत पडला, त्यामुळं ते पोरगं ५ एप्रिलच्या पहाटे त्याच्या गावच्या चर्चमध्ये असेल. मी त्याला नाव विचारलं नव्हतं. पुढच्या डिसेंबरात विचारणार आहे, आणि जाताना घरातल्या करंज्या घेऊन जाणार आहे.

तुमच्या बांधावर असा तारा दिसला तर तुम्हीही थांबा. आणि कट्ट्यावर कुणी "आपल्यात कुठलं आलंय" म्हणालं, तर मी गप्प बसलो तसे बसू नका.